कारणबाईंचा एडिटर

कारणबाई एक स्वल्पविराम बदलायच्या आणि त्यासाठी चार ओळी लिहायच्या. कुणी बदलला, कुठला बदलला, आधी काय होतं आणि का बदलला. शेवटी स्वतःचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. खोलीतले सगळे हसायचे. 'कारणबाई' हे नाव त्या हसण्यातूनच पडलं. त्यांच्या कानावर ते गेलं तेव्हा म्हणाल्या, "बरं झालं. माझ्या बापाला गाव नुसतं 'ए' म्हणायचं. मला निदान कामावरून तरी नाव मिळालं."

परभणीत स्टेशन रोडला सरकी-ढेपेच्या एका दुकानावर आमची खोली होती. चपला बाहेर काढून आत जायचं. आत चार टर्मिनल, म्हणजे नुसते पडदे आणि कळा, एक प्रिंटर आणि कोपऱ्यात मुख्य यंत्र. एसी होता, पण तो यंत्रासाठी. आम्हाला त्याची उरलीसुरली हवा. साल त्र्याण्णव. पाणीपुरवठ्याच्या एका योजनेचं काम आमच्या साहेबांनी ठेक्यानं घेतलं होतं. जिल्ह्यातल्या प्रत्येक वस्तीत टाकी बसणार होती आणि टाकीवर वस्तीच्या नावाची पत्र्याची पाटी. आम्ही वस्त्यांची यादी तयार करायची, ती छापायची, आणि ती बघून पेंटर पाट्या रंगवणार. म्हणजे सोनपेठपासून जिंतूरपर्यंत आम्ही पडद्यावर जे नाव लिहू तेच त्या वस्तीला रोज पाणी भरताना वाचावं लागणार होतं.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार मोठा लढवय्या समजत होतो. आमच्या घरी वर्तमानपत्र परवडत नव्हतं. पत्रकं फुकट मिळायची. मोर्चाची, सभेची, निषेधाची. अक्षरओळख मला त्यांच्यावरच झाली. पुढे मी स्वतः पत्रकं लिहू लागलो. 'इशारा', 'धिक्कार', 'यापुढे सहन करणार नाही' हे शब्द माझ्या पेनातून आपोआप उतरायचे. विद्यापीठाच्या नावासाठी पंधरा वर्षं मराठवाडा पेटत, विझत, पुन्हा धुमसत होता आणि प्रत्येक चौकात नावाचीच चर्चा होती. आमच्या खोलीत मात्र दिवसभर नावं टंकूनही त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. चार जण चार तऱ्हेचे, त्यामुळे सगळे जपून.

आमच्या यंत्रावर फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारी एक व्यवस्था होती. यादीत बदल केला की ती नवी आवृत्ती जमा करून घ्यायची, जुनीही ठेवायची आणि कोणी कधी काय बदललं याचा इतिहास राखायची. पुण्याहून आलेला एक इंजिनिअर ती बसवून गेला होता. तिची एक अट होती. बदल जमा करताना ती एक कोरं पान उघडायची आणि विचारायची, कारण लिहा. ते पान ज्या एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये, उघडायचं तो फार चमत्कारिक होता. अक्षर दाबलं तर अक्षर उमटायचं नाही, ओळच गायब व्हायची. बाहेर कसं पडायचं ते कुठंच लिहिलेलं नसायचं. आमचे रशीदभाई एकदा त्यात तासभर अडकले. शेवटी त्यांनी टर्मिनलचं बटणच बंद केलं आणि कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "आत जायलाय बरोबर, भाईर निघायला रस्ताच न्हाई. जेल हाय का काय ह्ये?"

साहेबांनी यावर तोडगा काढला. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना कटकट नको असायची. त्यांनी त्या एडिटरच्या जागी चार ओळींचा एक छोटा प्रोग्राम बसवला. कोणीही बदल जमा केला की पान उघडायचंच नाही. तो प्रोग्राम आपणच कारणाच्या जागी 'किरकोळ दुरुस्ती' असं लिहायचा आणि निघून जायचा. सगळ्यांसाठी तेच ठरवून टाकलं. रशीदभाईंनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. मीही प्यालो. दुसऱ्या दिवसापासून आमच्या इतिहासात एकच वाक्य शेकडो वेळा उमटू लागलं. गाव गाळलं, किरकोळ दुरुस्ती. तालुका बदलला, किरकोळ दुरुस्ती.

कारणबाईंनी चहा घेतला नाही. त्या तेव्हा पस्तिशीच्या असतील. गाव पिंगळीच्या पलीकडे. रोज सकाळच्या गाडीने यायच्या. बारीक अंगाच्या, चष्मा दोऱ्याने बांधलेला. संध्याकाळी त्या साहेबांच्या टेबलापाशी गेल्या.

"साहेब, माझ्या नावाखाली मी न लिहिलेलं वाक्य पडायलंय."

"अहो बाई, सोय केली सगळ्यांची. तुमचा वेळ वाचतोय."

"माझा वेळ वाचवा, पण माझं तोंड कशाला धरता?"

साहेब हसले. "मग बसा त्या जुन्या एडिटरमध्ये अडकून."

बाई बसल्या. अडकल्या नाहीत. त्या इंजिनिअरने जाताना एका फ्लॉपीत दुसरा साधा एडिटर ठेवला होता. त्यात बाणाच्या कळा चालायच्या, आणि बाहेर पडायची कळ कोणती ते पडद्याच्या तळाला लिहिलेलं असायचं. बाईंनी तो शोधून काढला. यंत्रावर प्रत्येकाचं आपल्या नावाचं खातं असतं आणि त्यात एक फाईल असते. आपण यंत्रावर हजर झालो की यंत्र ती आधी वाचतं. त्या फायलीत त्यांनी एक ओळ लिहिली: माझा एडिटर हा. एवढंच. साहेबांनी सगळ्यांसाठी काहीही ठरवलेलं असो, ज्याने आपल्या खात्यात ती ओळ लिहिली त्याच्यासाठी त्याचं स्वतःचं चालायचं. त्या दिवसापासून कारणबाईंसमोर पान पुन्हा उघडू लागलं.

"ओ पत्रकवाले," त्यांनी मला हाक मारली. त्या मला असंच म्हणायच्या. "तुमच्याबी खात्यात घालू का ती ओळ? दोन मिनिटाचं काम हाय."

मी म्हणालो, "बाई, खरी लढाई रस्त्यावर आहे. हे असलं बारीकसारीक कुठं धरून बसता?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बारीकसारीकच दिवसभर करायलोत आपण दोघं. रस्त्यावर तुमी इतवारीच जाता."

त्यांचे वडील गावचे कोतवाल होते. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच, डबा खाताना सांगितली. "पाटलाचा माणूस यायचा, म्हणायचा 'चल'. माझा बाप ताटावरून उठायचा. कुठं चल, कशाला चल, ह्ये विचारायची सोय नव्हती. मी लहानपणी एकदा त्या माणसाला विचारलं, 'कशाला?' तर त्यानं बापाकडं बघितलं आणि बापानं मला मारलं. मारताना रडायला मातर तोच लागला." मग त्यांनी डबा झाकला आणि म्हणाल्या, "चला, दोन वाजले."

त्यांचं गाव अठ्ठ्याहत्तर साली होरपळलं होतं. वस्ती जळाली, लोक परतले, त्याच जागेवर पुन्हा घरं उभी केली. ती उभी करताना वस्तीने बैठक घेऊन स्वतःला नाव दिलं, समतानगर. गावाच्या तोंडी आणि सगळ्या जुन्या कागदांत मात्र वस्तीचं नाव तेच राहिलं, जात आणि तिच्यापुढे 'वाडा'. आमच्याकडे आलेल्या यादीतही तेच होतं. एका सकाळी वस्तीतली दोन वयस्क माणसं जिना चढून वर आली. हातात ठरावाचा कागद, खाली सत्तर-ऐंशी सह्या आणि अंगठे.

"बाई, टाकीवर आमचं नाव तेवढं नीट येऊ द्या," त्यातले एक जण म्हणाले. "पोरी पाणी भरत्याल. रोज वर बघत्याल."

कारणबाईंनी ते त्यांच्यासमोरच बदललं. पान उघडलं तेव्हा दोघांनाही पडद्याजवळ बोलावलं आणि टंकताना मोठ्याने वाचत गेल्या: "जुने नाव काढले. वस्तीने ठरावाने घेतलेले समतानगर हे नाव घातले. ठरावाची प्रत फाईलला लावली आहे. जुने नाव वस्तीने कधीही घेतलेले नाही, दुसऱ्यांनी दिलेले आहे, म्हणून." मग स्वतःचं नाव, वडिलांचं नाव. म्हातारे खाली उतरायला लागले. जिन्यात त्यांचं हसणं ऐकू आलं.

पुढच्या पंधरवड्यात कच्ची यादी छापून निघाली. बाईंनी आपलं गाव काढलं. जुनंच नाव. टर्मिनलवर बसल्या, इतिहास उघडला आणि मला हाक मारली. या वेळी 'पत्रकवाले' म्हणाल्या नाहीत, माझं नाव घेतलं.

पडद्यावर एक ओळ होती. समतानगर काढले, जुने नाव घातले. तारीख, वेळ. आणि नाव माझं. कारण: किरकोळ दुरुस्ती.

मला आठवलं. साहेबांनी एक फ्लॉपी हातात दिली होती, "एवढी यादी चढव, वरून दुरुस्त होऊन आलीय." मी चढवली होती. दुपारी सभेचं पत्रक छापखान्यात द्यायचं होतं, म्हणून घाईने. पान उघडलं असतं तर यंत्राने मला विचारलं असतं, आणि उत्तरासाठी मला काय बदललं ते बघावं लागलं असतं. पान उघडलं नाही. मी न बघता उठलो. त्या संध्याकाळच्या माझ्या पत्रकाचा मथळा होता, 'नाव पुसू पाहणाऱ्यांना जाहीर इशारा'.

"बाई, मला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"ते दिसायलंय की. लिवलंच हाय." त्यांनी 'किरकोळ' या शब्दावर बोट ठेवलं. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "बस इथं. तुझं खातं उघड."

मी माझ्या खात्यात ती ओळ स्वतःच्या हाताने लिहिली. बाई मागे उभ्या राहून एकेक अक्षर तपासत होत्या.

त्यांनी समतानगर पुन्हा घातलं, तेव्हा साहेबांनी त्यांना बोलावलं नाही. ते स्वतः टर्मिनलपाशी आले. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. "बाई, ते नाव जुनंच असू द्या. गावातून तक्रार आलीय. खामखा वाद नको. बदला लगेच."

"बदलते," बाई म्हणाल्या. मी चमकून पाहिलं. रशीदभाईंचाही हात थांबला. बाईंनी खरोखर जुनं नाव टंकलं, जमा करायची आज्ञा दिली, आणि त्यांच्या एडिटरमध्ये कोरं पान उघडलं. त्यांनी बोटं कळांवर ठेवली. "सांगा साहेब. मी लिवते."

"काय सांगा?"

"कारण."

"लिहा, गावाच्या सोयीसाठी."

बाईंनी टंकलं. "कोणती सोय?"

"बरं, ते काढा. लिहा, वरून आदेश."

पहिली ओळ पुसली, दुसरी लिहिली. "कुणाचा? नाव आन् हुद्दा सांगा, म्हंजे पूर्ण व्हतंय."

"अहो, नाव कशाला?"

"मग तुमचं घालू?"

साहेबांनी एसीकडे पाहिलं, प्रिंटरकडे पाहिलं. "लिहा... पूर्वीपासून तेच नाव आहे म्हणून."

"पूर्वीपासून कुणी म्हणायलंय, तेबी लिवू का?" बाई शांतपणे म्हणाल्या. "आमी तर न्हाई म्हणत. म्हणणाराचं नाव सांगा, साहेब. मी शब्द बदलणार न्हाई. तुमी म्हणाल तसंच्या तसं."

कर्सर लुकलुकत राहिला. खालच्या दुकानात कुणीतरी ढेपेचं पोतं आपटलं. साहेब म्हणाले, "राहू द्या," आणि टेबलाकडे गेले. बाईंनी पान तसंच कोरं बंद केलं. यंत्राने विचारलं, कारण दिलेलं नाही, बदल सोडून द्यायचा का? बाईंनी होकाराची कळ दाबली. यादीत समतानगर राहिलं. रशीदभाई माझ्या कानाशी म्हणाले, "या बाईला वकील करायला पायजे व्हतं, यार."

त्या रोजंदारीवर होत्या. पुढच्या एक तारखेपासून येऊ नका, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी अर्थातच कारण विचारलं. साहेब म्हणाले, "काम कमी झालंय." "लिहून द्या." साहेबांनी लिहून दिलं नाही. बाईंनी आपला डबा घेतला, दारात जाऊन चपला घातल्या आणि तिथूनच रशीदभाईंना म्हणाल्या, "तुमच्या टर्मिनलची कळ अडकायलीय. फुंकर मारून बघा." मग जिना उतरून गेल्या. मी खिडकीशी गेलो. त्यांनी वर पाहिलं नाही.

दोन दिवसांनी, शुक्रवारी, साहेबांनी मला बोलावलं. पक्की यादी आठवड्याभरात पेंटरकडे जाणार होती. "ते एक नाव जुनं करून टाक. आणि तुझ्या खात्यातली ती बाईची ओळ काढ आधी. सगळ्यांचं जे ठरलंय तेच तुझं. म्हणजे कुणाला काही लिहायला नको."

मी जे बोललो ते मला आजही पाठ आहे, कारण ते माझ्या पत्रकांतलंच होतं. शोषण, व्यवस्था, इतिहास. आवाज खालच्या दुकानापर्यंत गेला असणार. शेवटी मी खुर्ची मागे ढकलली आणि निघून आलो. जिना उतरताना मला वाटत होतं, हा क्षण कुणीतरी लिहून ठेवायला हवा.

कारणबाई जिंतूरला बहिणीकडे गेल्याचं कळलं, तसा मी रविवारी एसटी पकडून तिथं गेलो. एका टंकलेखनाच्या वर्गात त्या मुलींना शिकवत होत्या. मला बघून त्यांनी मुलींना सराव दिला आणि बाहेर आल्या. मी सगळं सांगितलं. माझं भाषणही जसंच्या तसं. मला वाटलं, आता त्या पाठीवर हात ठेवतील.

"मग आता त्या यादीपाशी कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हंजे मी न्हाई. तू न्हाई. कोण हाय तिथं?"

"रशीदभाई."

"त्यांच्या खात्यात ती ओळ हाय?"

नव्हती.

"मला काढलं, म्हणून मी गेले. तुला कुणी काढलं?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. आतला खडखडाट थांबला. "तू स्वतःच्या पायानं उठून आलास. दार त्यांना उघडं टाकून आलास. आन् वर मला भाषण ऐकवायलास! वस्तीला तुझं भाषण पायजे व्हतं का तू त्या खुर्चीवर पायजे व्हतास?"

"बाई, अपमान सहन करून कसा बसू?"

"माझा बाप बसला, तो भिऊन बसला. तू न भिता बस. फरक कळायला लय शिकावं लागत न्हाई." मग जरा निवळल्या. "खाल्लंस का काही?" त्यांनी मला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली, आणि मी खात असताना मुलींकडे परत गेल्या. निरोप घ्यायला मी दारात उभा राहिलो, तर नुसती मान हलवली. बोट एका मुलीच्या चुकलेल्या ओळीवर होतं. त्यानंतर आमची भेट नाही. वर्ग बंद झाला, बहिणीचं घर बदललं, आणि त्या कुठे गेल्या ते मला कुणी सांगू शकलं नाही.

सोमवारी सकाळी मी जिना चढलो. साहेबांनी चष्मा काढला.

"काय काम आहे?"

"कामावर आलोय."

"तू गेला होतास ना?"

"शनिवारी रजेवर होतो. राजीनामा दिलेला नाही. मला काढायचं असेल तर लिहून द्या."

सेलूचा अख्खा तालुका तपासायचा बाकी होता आणि हाताशी एकटे रशीदभाई. साहेब पुटपुटले, "बस." मी बसलो. आधी यादी उघडली. पिंगळीच्या पलीकडचं गाव काढलं. जुनं नाव होतं. इतिहास पाहिला. शनिवार, रशीदभाईंचं खातं. किरकोळ दुरुस्ती. रशीदभाई मान खाली घालून टंकत होते. म्हणाले, "भाऊ, माझ्या घरी सहा जणं हायत."

मी समतानगर लिहिलं आणि जमा करायला दिलं. पान उघडलं. पत्रकातला एकही शब्द मी येऊ दिला नाही. लिहिलं: "हे नाव मी मागे न बघता काढले होते. ती माझी चूक होती. शनिवारी ते पुन्हा काढले गेले, कारण दिलेले नाही. वस्तीचा ठराव फाईलला आहे. म्हणून समतानगर हेच नाव ठेवले." खाली माझं नाव, आणि बापाचं. साहेब मागे येऊन उभे राहिल्याचं मला कळलं. त्यांनी सगळं वाचलं. मी पडदा झाकला नाही. ते दुसऱ्या टर्मिनलकडे वळले, तेवढ्यात मी तपासून झालेल्या परभणी तालुक्याच्या पक्क्या यादीला छपाईची आज्ञा दिली.

यादी न्यायला आलेला पेंटर जिन्यातच बसून बिडी ओढत होता. मी गरम यादी त्याच्या हातात दिली. त्याने बोट फिरवत पानं चाळली, एका ठिकाणी थांबला आणि अक्षरं लावून वाचलं.

"ह्ये नवीन नाव पडलंय का? मला दुसरंच सांगितलं व्हतं."

"नवीन न्हाई," मी म्हणालो. "त्या वस्तीचं नाव ह्येच हाय. मोठ्या अक्षरात रंगव."